डिकीतली स्ट्रिप

शाहूपुरी, कोल्हापूर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

रात्री साडेबाराला आलेला तुझा मेसेज मी सकाळी चहा घेताना वाचला. दोनदा वाचला. फोनवर अंगठ्याने उत्तर द्यावं असा तो नाही, म्हणून वही घेऊन बसले आहे.

आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. "काकू, नैराश्याची गोळी सुरू करून नऊ दिवस झाले, काही फरक नाही, उलट मळमळतंय. बंद करू का?" नको. आज नको, उद्याही नको. ज्या डॉक्टरांनी लिहून दिली त्यांना आजच फोन कर, मळमळ सांग आणि ते म्हणतील तसं कर. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. डोस ठरवणं माझं काम नव्हे आणि तुझंही नव्हे. पण एकतीस वर्षं काउंटरमागे उभी राहिले आणि मधली पावणेदोन वर्षं स्वतः अशीच गोळी घेतली, म्हणून बाकीचं सांगायचा हक्क मला आहे असं समजते.

मेसेजमधलं मला सगळ्यात लागलेलं वाक्य वेगळंच आहे. "स्ट्रिप गाडीच्या डिकीत ठेवतो, घरी कुणाला माहीत नाही."

डिकीतून ती आजच बाहेर काढ. गोकुळ शिरगावला कंपनीच्या पत्र्याच्या शेडबाहेर तुझी गाडी आठ तास उन्हात उभी असते. सीटखाली काय भट्टी होते ते तुलाच ठाऊक. पावसाळ्यात तिथेच ओल. ऊन आणि ओल यांपासून लांब ठेवा, असं स्ट्रिपवर छापलेलं असतं. आमच्याकडे पार्सलं फोडताना तूच ते मोठ्याने वाचून दाखवायचास. पण डिकीचं मी एवढं मनाला लावून घेतलं ते गरमीमुळे नाही.

तू बारावीला असताना दुकानात येऊन बॅच नंबर आणि एक्सपायरी वाचायचास, मी लिहून घ्यायचे. एकदा विचारलं होतंस, ही गोळी लोक खाकी पाकिटात घालूनच का मागतात? मी म्हटलं, लाज वाटते त्यांना. एवढंच बोलून विषय सोडला. माझी स्वतःची गोष्ट तेव्हाच सांगायला हवी होती. आता सांगते.

माझी आई गेली त्यानंतरच्या वर्षी माझी झोप पहाटे तीनला मोडायला लागली. जेवण जाईना. दुकानात हिशेब चुकायला लागले. पुढे पुढे शटर वर करताना हात थांबायचा, आत जाऊच नये असं वाटायचं. डॉक्टरांनी सर्ट्रालिन 50 ही नैराश्यावरची गोळी दिली. दुकान आपलं, औषध आपलं, मग लपवायला काय वेळ लागतो? मी त्या गोळ्या बी-कॉम्प्लेक्सच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवायला लागले. बाटली स्वयंपाकघरातल्या फडताळात, चहा-साखरेच्या डब्यांशेजारी. घरात कुणाला संशय नको म्हणून.

दुसऱ्या महिन्यात माझ्या गोळ्या मोजल्यापेक्षा कमी भरायला लागल्या. मला वाटलं, डोकं ठिकाणावर नाही, मीच दोनदा घेत असेन. त्याच सुमाराला सासूबाईंना गरगरायला लागलं. अन्नावरची वासना गेली. एका संध्याकाळी त्या मला माझ्या आईच्या नावाने हाक मारायला लागल्या. दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं, तर सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, खूप उतरलेलं. डॉक्टरांनी विचारलं, कोणकोणती औषधं चालू आहेत? मी सांगितलं, बीपीची एक आणि लघवी साफ होण्याची एक. डॉक्टर म्हणाले, आणखी काहीच नाही? तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. फडताळातली बाटली डोळ्यांसमोर आली.

सासूबाई रोज रात्री त्यातली एक गोळी घेत होत्या. सून औषधाच्या दुकानातली, ती घेते म्हणजे चांगलीच असणार, ताकदीची असणार. ही औषधं वयस्क माणसात, त्यातून लघवीची गोळी चालू असलेल्या बाईत, सोडियम उतरवू शकतात हे मला पाठ होतं. चार माणसांसमोर, दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये, मला सगळं बोलावं लागलं. त्या सहा दिवसांत बऱ्या झाल्या. शुद्धीवर आल्यावर मला म्हणाल्या, "मला सांगायचं न्हाई व्हय गं? ताकदीची म्हणून खाल्ली की मी." आणि घरी आल्यापासून रोज रात्री भांडी आवरली की विचारायच्या, "तुझी गोळी घेतलीस?" माझ्या पावणेदोन वर्षांत एकही दिवस चुकला नाही तो त्यांच्यामुळे.

मला तुला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. हे औषध विषारी नाही, जादूचंही नाही. ते धोक्याचं होतं तेव्हा बहुतेक वेळा मुळाशी लपवणं असतं. कुणाला माहीत नसतं, म्हणून चुकतं.

बघ कसं. तू तेवीस वर्षांचा आहेस. पंचविशीच्या आतल्या माणसात ही गोळी सुरू केल्यावर पहिले काही आठवडे, किंवा डोस कमी-जास्त केल्यावर, काहींच्या मनात मरणाचे विचार वाढतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2004 मध्ये लहान मुलं आणि किशोरवयीनांसाठी हा इशारा औषधाच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत छापायला लावला आणि 2007 मध्ये तो 18 ते 24 वयाच्या तरुणांपर्यंत वाढवला. याचा अर्थ औषध घेऊ नये असा नाही. पहिल्या आठवड्यांत माणसावर कुणाची तरी नजर हवी असा आहे. एका जागी बसवेना, अंगात किडे वळवळल्यासारखं वाटतंय, उगाच संताप येतोय, झोप पार उडालीय, हे बदल स्वतःला कळायच्या आत जवळच्या माणसाला दिसतात. डिकीला दिसत नाहीत.

असा विचार मनात आला, अगदी ओझरता आला, तरी सकाळची वाट बघू नकोस. डॉक्टरांना फोन कर. ते उचलत नसतील तर 14416 लाव. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट, रात्रंदिवस चालू, मराठीत बोलतात. जीव फारच कासावीस झाला तर 108 ला फोन कर, किंवा कुणाला तरी बरोबर घेऊन सरळ कोल्हापुरातल्या सीपीआर रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. सरकारी दवाखाना म्हणून नाक मुरडू नकोस, वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे ते. आणि रात्री कितीही वाजलेले असोत, मला उठव.

आता तुझ्या गोळीबद्दल. चिठ्ठीचा फोटो पाठवलास ते बरं केलंस. त्या एका गोळीत दोन औषधं आहेत, हे तुला कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. एसिटॅलोप्रॅम 10 आणि क्लोनाझेपाम 0.5. आपल्याकडे ही जोडगोळी फार लिहिली जाते. दोघांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. क्लोनाझेपाम तासाभरात शांत करतं, झोप आणतं. एसिटॅलोप्रॅमचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता अंदाज यायला सहा-आठ. मळमळ, डोकं दुखणं, पोट बिघडणं, थोडी धडधड हे मात्र पहिल्याच आठवड्यात येतं आणि बहुतेकांचं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ओसरतं. म्हणजे आधी त्रास, मग गुण. नवव्या दिवशी तू नेमका अशा जागी उभा आहेस जिथे त्रास दिसतो आणि गुण दिसत नाही. माझ्या काउंटरवर सगळ्यात जास्त माणसं इथेच गळायची. नाश्ता करून वर गोळी घेतली की मळमळ कमी होते बऱ्याच जणांची, पण तुझ्या गोळीत झोपेचा भाग आहे, म्हणून वेळ बदलायच्या आधी विचार.

"सवय लागेल का" असं तू विचारलंस. सवय लागते ती क्लोनाझेपामची, आणि काही आठवड्यांतच लागू शकते. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचार, ही जोडगोळी किती दिवस आणि नुसती एसिटॅलोप्रॅम कधीपासून? आणि बरेच दिवस घेतलेलं क्लोनाझेपाम एकदम तोडायचं नसतं, झटके येऊ शकतात. एसिटॅलोप्रॅमची तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावा असं होत नाही. पण शरीर तिला सरावतं. म्हणून तीही एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं आणि डोळे फिरवले की डोक्यात करंट लागल्यासारखा झटका असं होतं. लोकांना वाटतं, बघा, व्यसन लागलं होतं. ते व्यसन नव्हे. उसाने भरलेल्या ट्रॉलीला उतारावर एकदम ब्रेक मारत नाहीत, तसंच आहे.

रात्रपाळीचं मला भ्या वाटतं. मशीनवर उभा राहणारा मुलगा तू, आणि गोळीत क्लोनाझेपाम. डोळ्यांवर झापड असताना मशीनच्या फिरत्या चकजवळ हात न्यायचा नाही, आणि पहाटे हायवेवरून गाडी हाणत यायचं नाही. पाळी दर आठवड्याला बदलते हे तू डॉक्टरांना सांगितलंच नसशील. सांग. त्यावरून ते वेळ ठरवतील, कदाचित औषधही बदलतील. एखादा डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन एकदम घ्यायच्या नाहीत, नेहमीची एकच.

पथ्याचं विचारतात सगळे. मटण चालतं, तांबडा-पांढरा चालतो, कट्ट्यावरचं धारोष्ण दूध चालतं, नवरात्राच्या उपवासातही गोळी चालू ठेवायची. दारू चालत नाही. शनिवारी कंपनीची पोरं पार्टीला बसतात ते मला माहीत आहे. क्लोनाझेपामवर दारू म्हणजे नुसती जास्त झोप नव्हे, श्वास मंदावू शकतो. "गोळी चालू आहे, डॉक्टरांनी बंद सांगितलीय" एवढं बोलून थम्सअप हातात घे. कशाची गोळी ते कुणी विचारत नाही.

दारूपेक्षाही मला काळजी वाटते ती दुसऱ्या औषधांची. उभं राहून कंबर दुखते म्हणून तू दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनवाली गोळी घेणार. एसिटॅलोप्रॅमबरोबर ती वरचेवर घेतली तर पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. ट्रॅमाडॉल नावाची दुखण्याची गोळी आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं कोरड्या खोकल्याचं सिरप, ही दोन नावं लक्षात ठेव. यांच्यामुळे शरीरात सेरोटोनिन नावाचं रसायन अति होऊ शकतं. हातपाय थरथरणं, दरदरून घाम, ताप, जुलाब, स्नायू ताठरणं, छातीत धडधड. क्वचित होतं, पण होतं तेव्हा तासातासाने वाढतं. म्हणून दातांचे डॉक्टर असोत, हाडांचे असोत, कोपऱ्यावरचं मेडिकल असो, पहिलं वाक्य तुझं हे: माझी एसिटॅलोप्रॅम चालू आहे. पाकिटात एका कागदावर औषधाचं नाव आणि डोस लिहून ठेव. कंपनीचं नाव नको, कंटेंट लिही. तुला आठवतं का, सिटॅलोप्रॅम आणि एसिटॅलोप्रॅमचे बॉक्स मी मुद्दाम वेगवेगळ्या रॅकला ठेवायला लावले होते? ऐकायला सारखी, पण एकीच्या जागी दुसरी देता येत नाही. स्ट्रिप हातात पडली की काउंटरवरच वाच.

एक गोष्ट काकू असून लिहिते, संकोच करू नकोस. या गोळ्यांनी शरीरसंबंधाची इच्छा कमी होते, किंवा सगळं उशिरा होतं, असं बऱ्याच जणांना जाणवतं. तरुण मुलं याच कारणाने गुपचूप गोळी सोडतात आणि कुणालाच कारण सांगत नाहीत. डॉक्टरांनी हे हजारदा ऐकलेलं असतं. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. बोललास तर.

आणि याच्या उलटं. तीन-चार रात्री झोप नाही तरी अंगात दहा माणसांचं बळ, बोलणं थांबेना, पैसे उधळायला लागलास, तर बरा झालो म्हणून खूश होऊ नकोस. काही माणसांत हे औषध मनाला दुसऱ्या टोकाला नेतं. तुझ्या मामांचं पूर्वी असं काही झालं होतं असं तुझी आई एकदा ओझरतं म्हणाली होती. ते डॉक्टरांच्या कानावर घातलंस का? नसेल तर आजच्या फोनमध्ये ते पहिलं सांग. मळमळ नंतर.

लोक घाबरतात त्याचं मला नवल वाटत नाही. माझ्या आजीच्या काळी क्षय असाच लपवायचे. मिरजेला वान्लेसवाडीच्या सॅनिटोरियमला नेलं तर पुण्याला पाहुण्यांकडे गेलाय म्हणून सांगायचे, मुलींची लग्नं मोडतील म्हणून. आणि नैराश्यावरच्या पहिल्या औषधांपैकी एक सापडलं ते क्षयाच्या औषधातूनच. 1950 च्या दशकात इप्रोनियाझिड क्षयाच्या रुग्णांना देऊन बघत होते, तर खंगलेली माणसं उत्साही दिसायला लागली, जेवायला मागायला लागली. तिथून हा रस्ता सुरू झाला. आज क्षयाची गोळी बऱ्याचदा आशाताई दारात येऊन, समोर घ्यायला लावून देते. समोर घेतली जाते म्हणून ती पुरी होते.

तेव्हा घरात एका माणसाला सांग. सगळ्या गल्लीला नको, तालमीत नको, कंपनीत नको. एकालाच. आई देवरुषाकडे नेईल अशी भीती तू लिहिलीस. नेईल कदाचित. नारळ ठेवायला गेलास म्हणून गोळीचं काही बिघडत नाही, गोळी सोडली तर बिघडतं. तिला मोठे शब्द सांगू नकोस. "आई, तीन महिने झोप नाही, जेवण जात नाही, जीव लागत नाही कशात. डॉक्टरांना दाखवलं. रोज एक गोळी आहे, बरेच महिने घ्यायचीय. तू रोज विचारशील का मला?" एवढं बोल. शेवटचा प्रश्न विसरू नकोस. आयांना काम दिलं की त्यांचं रडं आटोक्यात येतं. आईला नाहीच जमलं तर ताईला.

त्याच माणसाकडे साठा दे. खोलीत महिन्या-दोन महिन्यांच्या गोळ्यांचा ढीग ठेवायचा नाही, पंधरा दिवसांच्या आण. पण आठवडाभराच्या जास्तीच्या गोळ्या आई-ताईच्या कुलपात असू देत. 2019 च्या ऑगस्टात आणि 2021 च्या जुलैत आपण बघितलंय, पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याला 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, शिरोलीजवळ हायवे बंद झाला की पुढे काय होतं. पार्सलं येत नव्हती. गुडघाभर पाण्यातून माणसं नेमकी याच गोळ्या मागत आली होती, आणि बंद करू शकत नाही हे त्यांना कुजबुजत सांगावं लागत होतं. चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये ठेव, ताईच्याही फोनमध्ये ठेव.

बरं वाटायला लागेल तो दिवस मला तुझ्या आजच्या दिवसापेक्षा जास्त अवघड वाटतो. साधारण दुसऱ्या महिन्यात एखाद्या संध्याकाळी रंकाळ्यावर तुला भेळेची चव लागेल, आणि वाटेल, झालं, आता कशाला गोळी? तेव्हाच नाही सोडायची. बरं वाटल्यानंतर पुढे निदान सहा महिने घ्यायची असते, आजार आधीही येऊन गेला असेल तर त्याहून जास्त. मग डॉक्टर आठवड्या-आठवड्यांनी डोस उतरवतात. माझी उतरवायला अडीच महिने लागले. शेवटच्या दिवशी सासूबाईंनी सवयीने विचारलं, गोळी घेतलीस? मी म्हटलं, संपली. म्हणाल्या, "बरं. मग दूध तरी घे."

रविवारी सकाळी घरी ये, दुकान आता भाचा बघतो, मी घरीच असते. डिकीतली स्ट्रिप फेकू नकोस, घेऊन ये. फुटलीय का, रंग बदललाय का ते बघून सांगते, आणि बदलायची असेल तर तुझ्याच चिठ्ठीवर नवीन घेऊ. तुझ्या चिठ्ठीच्या फोटोत खालचा कोपरा कापला गेलाय. डॉक्टरांनी परत कधी बोलावलंय ती तारीख तिथे असणार. ती वाचून मला कळव.

तुझी,
मेडिकलवाली काकू